आकाशातला भूमिपुत्र आणि मागावरचा परका

(कतारगाम, सुरत येथे मराठी रहिवाशांच्या मेळाव्यात आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर)



सीमाभागातला संपादक सुरतेस आला म्हणजे तो आपल्याच माणसांविषयी बोलणार, अशी आपली अपेक्षा असेल. ती आम्ही पुरी करू, पण थोड्या आडवाटेने. आज सकाळी कतारगामच्या गल्ल्यांतून हिंडताना मागांच्या खडखडाटातून जी भाषा आमच्या कानी आली, ती गुजराती नव्हती आणि मराठीही नव्हती. ती ओडिया होती. बारा तासांची पाळी संपवून एक तुकडी खोलीवर परतत होती आणि तिच्यासाठी अंथरूण रिकामे करून दुसरी तुकडी मागावर निघाली होती. गाव कोणते, असे आम्ही विचारले. ज्याला विचारावे तो एकच जिल्हा सांगे: गंजाम!

सीमाभागातल्या माणसाने हे नाव विसरता कामा नये. १ एप्रिल १९३६ रोजी भाषेच्या पायावर ओडिशाचा स्वतंत्र प्रांत झाला. या देशात भाषेच्या नावाने झालेला तो पहिला प्रांत. तोवर मद्रास इलाख्यात अडकलेला गंजामचा ओडिया मुलूख त्या दिवशी आपल्या भाषिकांत सामील झाला. ज्या दिवसाची आम्ही वाट पाहत आलो, तो दिवस गंजामने पाहिला. मग त्याच गंजामची पोरे अर्धा देश ओलांडून येथे मागावर का उभी आहेत? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला एका वैमानिकाचे चरित्र आठवले.

बिजयानंद पटनायक, म्हणजेच बिजूबाबू, यांचा जन्म ५ मार्च १९१६ रोजी कटक येथे झाला. रेवेन्शॉ कॉलेजातले शिक्षण अर्धवट टाकून ते विमान चालवायला शिकले. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा इंडियन एअर फोर्समध्ये दाखल होऊन ते हवाई वाहतुकीचे अधिकारी झाले. जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या, तेव्हा रंगूनहून माणसे सोडवून आणण्याच्या कामी त्यांची विमाने धावली. परंतु अंगावर साम्राज्याचा गणवेश असला तरी अंतःकरण स्वदेशाचेच होते. बेचाळीसच्या वणव्यात याच वैमानिकाने भूमिगत नेत्यांना गुप्तपणे विमानातून इकडून तिकडे पोहोचवले आणि स्वातंत्र्याची पत्रके आकाशातून टाकली. सरकारला सुगावा लागला आणि १९४३ साली हा अधिकारी तुरुंगात जाऊन पडला.

त्याहून मोठे साहस पुढेच होते. जुलै १९४७ मध्ये डचांनी इंडोनेशियाच्या तरुण प्रजासत्ताकावर सशस्त्र हल्ला चढवला. समुद्र डचांचा आणि आकाशही डचांचे! त्या कोंडीतून सुतान शहरीर यांना बाहेर काढावे, ही नेहरूंची इच्छा. बिजूबाबूंनी आपले डाकोटा विमान जावा बेटावर उतरवले आणि शहरीर यांना घेऊन सिंगापूरमार्गे ते दिल्लीस पोहोचले. पुढच्याच महिन्यात शहरीर सुरक्षा परिषदेपुढे उभे राहून आपल्या देशाची कैफियत मांडत होते. इंडोनेशियाने या उपकाराची जाण ठेवून त्यांना एक पदवी दिली. ती पदवी कोणती, ठाऊक आहे? 'भूमिपुत्र'! ज्या मातीत आपण जन्मलो नाही, तिचे पुत्रत्व या माणसाने जीव पणाला लावून मिळवले.

हा वैमानिक मग कारखानदार झाला आणि राजकारणीही झाला. कटकजवळ चौद्वार येथे त्यांनी कापडगिरणी उभारली, पोलादी नळ्यांचा कारखाना काढला, कलिंग एअरलाइन्स चालवली. पन्नाशीच्या दशकात विधानसभेवर ते निवडून गेले ते गंजाम जिल्ह्यातून. १९६१ च्या निवडणुकीत १४० पैकी ८२ जागा जिंकून ते मुख्यमंत्री झाले. पारादीपला बंदर व्हावे, हा त्यांचा ध्यास. दिल्लीच्या होकाराची वाट पाहत न बसता त्यांनी राज्याच्या तिजोरीतून काम रेटले. ते बंदर १९६६ साली देशाचे मोठे बंदर म्हणून जाहीर झाले, आणि तेथून आजही जहाजे जातात.

येथवर आरती झाली. आता हिशेब. कारखानदार आणि मुख्यमंत्री एकाच देहात नांदू लागले की लोकांच्या मनात शंका येते आणि ती आलीच पाहिजे. १९६३ साली कामराज योजनेखाली बिजूबाबू पायउतार झाले. १९६७ मध्ये राज्यात सत्तांतर झाल्यावर न्यायमूर्ती खन्ना यांच्या आयोगापुढे त्यांच्या कारभाराची चौकशी झाली. आणीबाणीत ते पुन्हा तुरुंगात गेले, १९७७ मध्ये केंद्रात पोलादमंत्री झाले, आणि १९९० साली १४७ पैकी १२३ जागा घेऊन दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. देशाची घटना तसे सांगण्यापूर्वीच पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा देणारा कायदा त्यांनी करून दाखवला. १७ एप्रिल १९९७ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते लोकसभेत गंजाममधल्याच आस्का मतदारसंघाचे प्रतिनिधी होते. त्यांचे चिरंजीव नवीनबाबू २००० पासून २०२४ पर्यंत मुख्यमंत्री राहिले, तेही गंजाममधल्याच हिंजिळीतून निवडून येऊन.

बंधूंनो, येथे क्षणभर थांबा. विलीनीकरण झाले. शूर नेता लाभला. त्याला आणि त्याच्या पुत्राला गंजामने भरभरून मते दिली. आणि तरीही गंजामचा तरुण गाठोडे बांधून सुरतेची गाडी धरतो! चौद्वारची ती कापडगिरणी बंद पडली, आणि ओडिया माणसाचे हात कतारगामच्या कापडावर राबत राहिले. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत पगार थकले, पोटाला अन्न मिळेना, तेव्हा हेच लोक 'आम्हांला घरी पाठवा' म्हणत सुरतेच्या रस्त्यावर उतरले. परदेशाने ज्याला भूमिपुत्र म्हटले, त्याच्या मतदारांची मुले स्वदेशातच परकी ठरली.

हा दोष एकट्या बिजूबाबूंचा, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याने डचांच्या आकाशात विमान घातले त्याच्या छातीला दोष देणारे आम्ही कोण? पण विमान एका माणसाच्या धैर्यावर उतरते; जिल्हा तसा उतरत नाही. त्याला पाण्याचे पाट लागतात, गावाजवळ कारखाना लागतो, आणि दर पाच वर्षांनी नेत्याच्या दारात जाऊन 'आमच्या तालुक्याचे काय केलेत?' असे विचारणारी जनता लागते. बंदर झाले म्हणून गावात भाकर येत नाही. ती मागावी लागते, आणि मागणाऱ्याने आपल्या लाडक्या नेत्याचीही भीड बाळगता कामा नये.

आपल्यापैकी कितीतरी जण खानदेशातून येथे आलात. आपल्या गावांवर मराठी पाट्या होत्या, शाळा मराठी होत्या, सरकारही मराठी होते. नव्हते ते काम. म्हणून शेजारच्या मागावरच्या ओडिया भावाला परका म्हणू नका. त्याची कहाणी आणि आपली कहाणी एकाच धोट्याने विणलेली आहे. मजुरीच्या दरासाठी मालकापुढे जाल तेव्हा त्याला बरोबर घेऊन जा.

आणि सीमाभागातल्या आमच्या बांधवांना, जे हे भाषण उद्या छापील वाचतील, आमचे एवढेच सांगणे आहे: विलीनीकरणाची मागणी आम्ही तसूभरही सोडणार नाही. पण ज्या दिवशी ते होईल, त्या दिवशी गुलाल धुऊन झाला की कागद-पेन्सिल घेऊन बसा. गावात विहिरी किती, कारखाने किती, परगावी गेलेली पोरे किती, हे लिहून काढा, आणि पहिल्या मराठी मंत्र्याच्या हाती हारासोबत तो कागदही द्या. गंजामने हार दिला. कागद द्यायचा राहून गेला.