ऋतूंचे कोडे आणि मैदानातील काठी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



प्रथम एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी भूगोलाच्या बदली तासाला मी सातवीच्या वर्गात विचारले, "उन्हाळा का होतो?" वर्ग एका सुरात म्हणाला, "पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून." मी "शाबास" म्हणालो. दुसऱ्या दिवशी एक मुलगी वाचनालयातील पुस्तक घेऊन आली. "सर, यात लिहिले आहे की पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या सर्वांत जवळ असते. पण तेव्हा तर आपण स्वेटर घालतो!" मी निरुत्तर झालो.

मुलीचे म्हणणे खरे होते. पृथ्वी सूर्यापासून जानेवारीच्या आरंभी सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर, तर जुलैच्या आरंभी १५ कोटी २१ लाख किलोमीटर दूर असते. अंतरामुळे ऋतू होत असते तर साऱ्या पृथ्वीवर एकदमच उन्हाळा आला असता. प्रत्यक्षात आपल्याकडे उन्हाळा असतो तेव्हा ऑस्ट्रेलियात हिवाळा असतो.

खरे कारण पृथ्वीच्या आसाचा कल हे होय. हा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि वर्षभराच्या प्रदक्षिणेत त्याचा रोख बदलत नाही. त्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, डिसेंबरमध्ये दक्षिण गोलार्ध. झुकलेल्या भागावर किरण सरळ पडतात आणि तेथे दिवसही मोठा असतो. आपल्या जालन्यात २१ जूनचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर २२ डिसेंबरचा जेमतेम अकरा तासांचा असतो.

हे पाहण्यास दुर्बीण नको. आम्ही शाळेच्या मैदानात एक मीटर उंचीची काठी रोवली. २२ डिसेंबरला मध्यान्ही तिची सावली उत्तरेकडे सुमारे ९४ सेंटिमीटर पडली, २१ मार्चला ३६. १९ मेच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर आला आणि सावली नाहीशी झाली. जूनमध्ये ती चक्क दक्षिणेकडे पडते. मग जून सर्वांत उष्ण का नाही? कारण तोवर आपल्याकडे मृगाचा पाऊस आणि ढग आलेले असतात.

नवव्या शतकात अल्-बत्तानी यांनी मध्यान्हीच्या सूर्याची उंची वर्षभर मोजून हाच कल २३ अंश ३५ कला असा काढला. त्या काळी पृथ्वी स्थिर मानली जाई. तरीही त्यांचे मोजमाप अचूक ठरले.

आता आपल्या घरातील गोष्ट. मुले विचारतात, रमजान कधी उन्हाळ्यात, कधी हिवाळ्यात का येतो? हिजरी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. ऋतू मात्र सूर्याचे. म्हणून रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस आधी येतो. २०१६ साली तो जूनमध्ये सुरू झाला, २०२४ साली मार्चमध्ये. सुमारे ३३ वर्षांत तो सर्व ऋतूंतून फिरून येतो. इबादतीस चंद्राचे वर्ष चालते, पण शेतसारा पीक आल्यावरच द्यायचा. म्हणून अकबराच्या काळात सौरमानाचा फसली सन सुरू झाला. फसल म्हणजे पीक. निजामाच्या राजवटीत आपल्या मराठवाड्यात सरकारी कामकाजात हाच सन होता. पालकांनी घरातील जमिनीचे जुने कागद काढून पाहावेत. त्यांवर तो दिसेल. आपण रोज बोलतो ते 'खरीप' आणि 'रब्बी' हे शब्दही मूळचे अरबी, ऋतूंचीच नावे आहेत.

मित्रांनो, त्या दिवशी वर्गातील सर्व मुलांचे उत्तर चुकले आणि त्यांच्या शिक्षकाचेही. एका मुलीने शंका घेतली म्हणून आम्ही सारे शिकलो. पालकांना माझी विनंती आहे की, मुलामुलींच्या प्रश्नांना "गप्प बस" हे उत्तर देऊ नका. उत्तर येत नसेल तर तसे सांगा आणि त्यांच्याबरोबर अंगणात एक काठी रोवा. पुढचे सूर्य शिकवील.