ऋतुचक्राची शाळा

२१ डिसेंबर रोजीं लंडन शहरीं सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि चार वाजण्यापूर्वींच मावळतो. दिवस पुरता आठ तासांचाही भरत नाहीं. जूनमध्यें तोच दिवस साडेसोळा तासांहून मोठा होतो. मुंबईस वर्षांतला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास असतो. म्हणून उजेड परत येण्याची वाट पाहणें म्हणजे काय, हें महाराष्ट्रांतील श्रोत्यांस बहुधा कल्पनेनेंच जाणावें लागेल.

त्या देशांत निसर्गास व जुन्या देवतांस पूज्य मानणारा, पेगन या नांवानें ओळखला जाणारा एक पंथ आहे. २०२१ च्या खानेसुमारींत इंग्लंड व वेल्स मिळून सुमारें ७४ हजार लोकांनीं आपला धर्म पेगन असा नोंदविला. यांच्यांतील पुष्कळांच्या वर्षांत आठ सण येतात. दोन अयनदिन, दोन संपातदिन, आणि त्यांच्या मध्यें येणारे चार: ३१ ऑक्टोबरचा सॉविन, फेब्रुवारीच्या आरंभींचा इंबॉल्क, १ मेचा बेल्टेन आणि १ ऑगस्टचा लूनासा. अशा घरांपैकीं कांहीं घरें मुलांस शाळेंत न घालतां स्वतःच शिकवितात, व शिकवितांना हें आठ आऱ्यांचें चाक हाताशीं धरतात. या उद्योगांत घेण्याजोगें काय आहे आणि धोका कोठें आहे, एवढाच प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

इंग्लंडच्या कायद्यास घरचें शिक्षण परकें नाहीं. आधीं १९४४ च्या शिक्षणविषयक कायद्यानें, आणि आतां १९९६ च्या कायद्याच्या सातव्या कलमानें, मुलाचें वय, कुवत व कल पाहून त्यास योग्य असें पूर्णवेळ शिक्षण देण्याची जबाबदारी आईबापांवर टाकली आहे. तें शाळेंत पाठवून द्यावें किंवा अन्य मार्गानें द्यावें, ही मुभा त्यांस आहे. मूल लहान असेल तर हें काम फारसें अवघड नाहीं. पानें गोळा करावीं, दिवे लावावे, गोष्ट सांगावी. परंतु मूल तेरा-चौदा वर्षांचें झालें म्हणजे दिवे लावून भागत नाहीं. सोळाव्या वर्षाच्या सुमारास परीक्षा येते. आणि परीक्षेच्या आधींच मूल स्वतः परीक्षक होऊन प्रश्न विचारूं लागतें.

चौदा वर्षांची मुलगी आणि तिला शिकविणारी आई, असें एक घर कल्पावें. डिसेंबरांतील अयनदिनीं मुलगी अंगणांत एक मीटर उंचीची काठी रोवते. माध्यान्हीं तिची सावली सुमारें ३.७ मीटर भरते. २१ जून रोजीं तीच सावली अर्ध्या मीटरहून किंचित् अधिक. लंडनचा अक्षांश ५१.५ अंश व पृथ्वीच्या आंसाचा कल २३.४ अंश, या दोन आंकड्यांवरून दोन्ही सावल्या त्रिकोणमितीनें आगाऊ काढतां येतात. मुलगी आधीं गणित करते, मग मोजते, आणि फरक पडला तर काठी वांकडी कीं गणित वांकडें याचा शोध घेते. मार्चच्या संपातापासून सप्टेंबरच्या संपातापर्यंतचे दिवस तिनें मोजले तर ते १८६ भरतात. उरलेल्या भागाचे केवळ १७९. सणांचें चाक कागदावर समान आठ भागांचें काढतात, आकाशांत मात्र ते भाग समान नाहींत. जानेवारीच्या आरंभीं पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते व अधिक वेगानें धांवते. केप्लरचा नियम अशा रीतीनें पुस्तकाआधीं पंचांगांतून हातीं लागतो.

मे महिन्याच्या सणाशीं हॉथॉर्न या कांटेरी झाडाच्या पांढऱ्या फुलांचा संबंध रूढ आहे. परंतु १ मे रोजीं कित्येक ठिकाणीं तीं फुललेलीं आढळत नाहींत. कां? १७५२ सालीं ब्रिटननें जुनी कालगणना सोडली. २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. तारीख अकरा दिवस सरकली, झाड आपल्या जागीं राहिलें. एका फांदीवरून इतिहास व वनस्पतिशास्त्र असे दोन पाठ निघतात. नॉरफकांतील रॉबर्ट मार्शम या जमीनदारानें १७३६ पासून वसंताच्या खुणांच्या, म्हणजे ओकला पालवी कधीं फुटली, पहिली पाकोळी कधीं दिसली अशांच्या, नोंदी ठेवल्या, व त्याच्या वंशजांनीं त्या १९५८ पर्यंत चालविल्या. मुलीनें तशीच वही घातली म्हणजे हवामान कसें पालटत आहे हें केवळ ऐकून न राहतां तिला नोंदींनीं तपासतां येतें.

ऑगस्टच्या सणाचें इंग्रजी नांव लॅमस. त्याचा मूळ अर्थ पावाची उपासना. त्या दिवशीं घरीं पाव भाजतात. पीठ कां फुगतें, हें रसायन. आणि पाव गरिबास महाग कां होता, हा इतिहास. १८१५ पासून १८४६ पर्यंत चाललेल्या धान्यकायद्यांची कथा पीठ मळतां मळतां सांगतां येते. शरदांत टॉमस हार्डीची १८७८ सालची ‘द रिटर्न ऑफ द नेटिव्ह’ ही कादंबरी वाचावी; तिच्या आरंभींच माळावर नोव्हेंबरच्या होळ्या पेटलेल्या आहेत.

तथापि सर्वच विषय ऋतूंच्या दावणीस बांधतां येत नाहींत. बीजगणिताला ऋतु नाहीं. फ्रेंच क्रियापदें बेल्टेनची वाट पाहत थांबलीं तर तीं कधींच येणार नाहींत. परीक्षेस खासगी विद्यार्थी म्हणून बसावें लागतें, शुल्क घरचें, आणि प्रयोगाच्या विषयांची सोय शोधावी लागते. म्हणून शहाणीं घरें रोज सकाळीं गणित व भाषा यांचा नेमानें अभ्यास घेतात, आणि चाकाकडे दुपारीं वळतात.

परंतु सर्वांत मोठी कसोटी निराळीच आहे. एके दिवशीं मुलगी विचारते, हे आठ सण खरोखरच प्राचीन आहेत कां? येथें आईची श्रद्धा आणि तिचें शिक्षकपण समोरासमोर उभीं राहतात. खरें उत्तर असें आहे कीं, सॉविन, बेल्टेन इत्यादि चार सण मध्ययुगीन आयरिश ग्रंथांत आढळतात. आठांचें एकत्र चाक मात्र १९५० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील जेरल्ड गार्डनर इत्यादिकांच्या मंडळींत जुळलें. शरत्संपातास मेबन हें नांव तर एका अमेरिकन गृहस्थानें १९७० नंतर दिलें. स्टोनहेंजचे मोठे दगड सुमारें ख्रिस्तपूर्व २५०० चे आहेत. ज्या ड्रुइडांचें नांव त्याशीं जोडतात ते त्यानंतर दोन हजार वर्षांनीं इतिहासांत दिसूं लागतात. मात्र आयर्लंडांतील न्यूग्रेंजचा, सुमारें ख्रिस्तपूर्व ३२०० चा, दगडी मार्ग हिवाळी अयनदिनाच्या उगवत्या सूर्याकडे रोखलेला आहे, व १९६७ सालीं प्राध्यापक ओकेली यांनीं तो किरण आंत शिरतांना स्वतः पाहिला. म्हणजे चाक नवें आहे. सूर्याच्या परतण्याकडे लागलेली माणसाची दृष्टि खरोखर पुरातन आहे.

हें उत्तर देतांना आईस कांहीं गमवावें लागतें. पूर्वजांपासून अखंड चालत आलेला वारसा, ही गोड समजूत सोडावी लागते. आणि हें ऐकून मुलगी उद्यां तो दिवा लावण्याचें नाकारील, ही शक्यताही पत्करावी लागते. जी आई ती पत्करीत नाहीं, तिनें मुलीस शाळेच्या भिंतींतून सोडवून दुसऱ्या भिंतींत घातलें असें होईल. जी पत्करते, तिची मुलगी सण पाळो वा न पाळो, पुरावा कशास म्हणतात हें शिकते.

महाराष्ट्रास हा प्रश्न अगदींच दूरचा नाहीं. उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेस सुरू होतें, आणि तिळगूळ मात्र १४ किंवा १५ जानेवारीस वांटतात. संपातबिंदु सुमारें ७२ वर्षांत एक अंश मागें सरतो, त्याचा हा परिणाम. याच सरकण्यावरून लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं ‘ओरायन’ ग्रंथांत वेदांचा काल ठरविण्याचा यत्न केला. संक्रांतीच्या दिवशीं घरांतील मोठ्या मुलानें हा तीन आठवड्यांचा फरक कां, असें विचारलें, तर त्यास गप्प बसवूं नये. तिळगूळ हातावर ठेवावा, आणि काठी, दोरी व वही घेऊन त्याच्याबरोबर अंगणांत जावें.