एका गुणाचे देणे

(हीरक महोत्सवी समारंभात शाळेच्या एका निवृत्त विज्ञानशिक्षकांनी केलेले भाषण)



बडोद्यातील आपल्या या शाळेच्या साठ वर्षांपैकी जवळजवळ तीस वर्षे मी येथे विज्ञान शिकवले. अशा समारंभात जुन्या आठवणी सांगण्याची प्रथा आहे. मीही एक आठवण सांगणार आहे. मात्र ती माझ्या चुकीची आहे आणि तिचा संबंध आपल्यापासून सुमारे ५० प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका ग्रहाशी आहे.

सन १९९४. नववीच्या वार्षिक परीक्षेत मी प्रश्न विचारला होता : गुरू व शनी यांसारखे वायुरूप महाकाय ग्रह सूर्यापासून दूर का आहेत? अपेक्षित उत्तर सरळ होते. सूर्याजवळच्या उष्णतेत बर्फ टिकत नाही. दूरच्या थंडीत मात्र खडक आणि बर्फ यांचा मोठा गाभा तयार होतो आणि तो भोवतालचा हायड्रोजन व हेलियम ओढून घेतो. एका विद्यार्थ्याने हे सारे नीट लिहिले आणि शेवटी एक वाक्य जोडले : ‘पण दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या अगदी जवळही असा ग्रह असू शकेल.’ त्या वाक्याखाली मी लाल रेघ ओढली, ‘असे होत नाही’ असा शेरा लिहिला आणि एक गुण कापला.

तो उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आला. “सर, सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याचे ग्रह कोणी पाहिले आहेत का?”

मी म्हणालो, “पाहिले नाहीत, पण नियम सगळीकडे सारखाच.” तो काही न बोलता निघून गेला.

त्यानंतर दीड वर्षाने, ६ ऑक्टोबर १९९५ रोजी, इटलीतील फ्लॉरेन्स येथे मिशेल मायोर आणि दिदिए केलो या स्विस शास्त्रज्ञांनी एक शोध जाहीर केला. आकाशात भाद्रपदांचा जो मोठा चौकोन दिसतो, त्याच्या पश्चिम बाजूजवळ ‘५१ पेगासी’ नावाचा सूर्यासारखा एक अंधूक तारा आहे. त्याच्याभोवती त्यांना ग्रह सापडला होता. हा ग्रह दुर्बिणीतून दिसलेला नव्हता. दोन मुली फुगडी घालतात तेव्हा वजनदार मुलगीही जागच्या जागी थोडी फिरतेच; तसा ग्रहाच्या ओढीने तारा डोलतो. तो आपल्याकडे येताना त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातील रेषा किंचित निळ्या बाजूला सरकतात आणि दूर जाताना तांबड्या बाजूला. हा तारा सेकंदाला सुमारे ५५ मीटर वेगाने मागेपुढे होत होता, म्हणजे महामार्गावरील एखाद्या वेगवान मोटारीहून थोडा अधिक.

आश्चर्य पुढेच आहे. या ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या निदान निम्मे आणि त्याचे वर्ष अवघे ४.२३ दिवसांचे! आपल्या गुरूला सूर्याभोवती एक फेरी घालण्यास जवळजवळ १२ वर्षे लागतात. आपला बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लक्ष किलोमीटरवर आहे. हा वायूचा महाकाय गोळा आपल्या ताऱ्यापासून ८० लक्ष किलोमीटरच्याही आत फिरतो. त्याचे तापमान १००० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. दक्षिण फ्रान्समधील वेधशाळेत केलो यांना, त्या वेळी ते मायोर यांचे विद्यार्थी होते, प्रथम वाटले की आपल्या यंत्रातच बिघाड आहे. तारा पुन्हा रात्रीच्या आकाशात येईपर्यंत थांबून त्यांनी नव्याने वेध घेतले आणि मगच ते बोलले. २०१९ साली या दोघांना भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला.

वस्तुतः ऑटो स्ट्रूव्ह या खगोलशास्त्रज्ञाने १९५२ सालीच लिहिले होते की, मोठे ग्रह ताऱ्याच्या अगदी निकट असू शकतील आणि ते अशा रीतीने शोधता येतील. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. अमेरिकेतील जेफ्री मार्सी व पॉल बटलर यांच्याकडे तर अनेक वर्षांच्या नोंदी होत्या. ५१ पेगासीची बातमी आल्यावर त्यांनी काही दिवसांतच ती पडताळली, मग आपल्या जुन्या नोंदी तपासल्या आणि त्यांतूनही ग्रह निघाले! महाकाय ग्रहाला फेरी घालण्यास वर्षानुवर्षे लागणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. आपल्यापुढे एकच सूर्यमाला होती आणि त्या एका घरावरून आपण साऱ्या गावाची रीत ठरवली होती.

मग माझा नियम खोटा होता का? पूर्णपणे नव्हे. असे ग्रह बहुधा दूरच जन्मतात आणि नंतर आत सरकतात, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. ताऱ्याभोवतीच्या वायूच्या तबकडीमुळे ते सरकतात, की इतर ग्रहांच्या ओढीने, यावर अद्याप वाद आहे. आणखी एक सावधगिरी हवी. असे ‘तप्त गुरू’ सापडण्यास सोपे म्हणून आधी सापडले; प्रत्यक्षात सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांमागे ते जेमतेम एखाद्याभोवती आढळतात.

मुलांनो, हे काम केवळ परदेशात चालते असे समजू नका. आपण ज्या अबूला सहलीला जातो, तेथील गुरुशिखरावर अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेची १.२ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिला जोडलेल्या ‘पारस’ या वर्णपटमापकाच्या साहाय्याने तेथील शास्त्रज्ञांनी २०२१ साली एक तप्त गुरू शोधल्याचे जाहीर केले. त्याचे वर्ष सुमारे ३.२ दिवसांचे आहे आणि त्याचा तारा आपल्यापासून ७२५ प्रकाशवर्षांवर आहे. गुरूहून वजनाने हलका, पण आकाराने मोठा, असा तो फुगलेला ग्रह आहे.

५१ पेगासीची बातमी मी वाचली तेव्हा तो विद्यार्थी दहावी होऊन शाळेतून गेला होता. त्याचे घर मला ठाऊक होते. सायकलने दहा मिनिटांची वाट होती. मी गेलो नाही. चूक कळणे आणि ती कबूल करणे यांतले अंतर किती मोठे असते, हे मला तेव्हा समजले. त्यानंतर मात्र अभ्यासक्रमाबाहेरचे वाक्य लिहिणाऱ्या कोणाचाही गुण मी कापला नाही. ‘कोणी पाहिले आहे का?’ असे कोणी विचारले, तर ‘नाही, आपण शोधू’ असे म्हणण्यास शिकलो.

तो आज या सभागृहात असेल किंवा नसेल. ही स्मरणिका तरी त्याच्या हाती पडावी. बाळा, तुझे वाक्य बरोबर होते. तुझा एक गुण मी आज शाळेच्या साक्षीने परत देत आहे. शिक्षकांना ‘कशावरून?’ असे विचारणारी मुले या शाळेत सदैव घडोत, हीच हीरक महोत्सवानिमित्त प्रार्थना.