नव्या नगरातील पहिला दिवस
(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



गुणवंतांच्या कौतुकाचे दोन शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. कौतुक तर झालेच आहे. पेढेही वाटले गेले आहेत. म्हणून मी आज थोड्या निराळ्या विषयाकडे वळतो. येत्या पंधरवड्यात आपल्यापैकी कित्येक मुलेमुली प्रथमच घर सोडून शिक्षणासाठी मुंबईस जातील. त्या नव्या नगरातील पहिला दिवस त्यांनी कसा घालवावा, एवढाच माझा विषय आहे.

विषय क्षुल्लक वाटेल, पण तसा तो नाही. पस्तीस वर्षे शाळेत घालवल्यावर मी एक गोष्ट पाहिली आहे. हुशार मुलगा मुंबईस जातो आणि आठ-पंधरा दिवसांत बिछाना गुंडाळून परत येतो. विचारावे, तर म्हणतो, "गुरुजी, तिथे आपलं कोणी नाही." अभ्यास त्याला जड झालेला नसतो, शहर जड झालेले असते. पहिल्या दिवशी त्याने पाहिलेले असते ते काय? लोकलची गर्दी, खोलीचा जिना आणि प्रवेशाच्या खिडकीपुढची रांग! जे नगर पाहिलेच नाही ते आपले वाटावे कसे? म्हणून माझे सांगणे असे की, पहिला दिवस नगर पाहण्यास द्यावा.

प्रवेशाचे दिवस पावसाळ्याचे. मांडव्याहून गेटवेस जाणाऱ्या लाँची त्या काळात बंद असतात. पूर्वी एस. टी.ने पेण-पनवेलचा वळसा घेण्यावाचून गत्यंतर नसे. २०२० सालापासून मांडवा ते भाऊचा धक्का अशी रो-रो बोट सुरू झाली आणि २०२४ सालच्या जानेवारीत अटल सेतूही खुला झाला. आपण मात्र शक्यतो समुद्रमार्गे जावे. हाच आपल्या वाडवडिलांचा मार्ग. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, तीही याच पाण्यात. त्यांचे स्मरण करून पुढे जावे.

धक्क्यावरून प्रथम बोरीबंदरास यावे. म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. १८७८ साली या वास्तूचे काम सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. शिल्पकार फ्रेडरिक स्टीव्हन्स. २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा मान दिला. गाडी पकडण्याच्या घाईत हिच्या भिंतींकडे कोणी पाहत नाही. तुम्ही पाहा. दगडात कोरलेले मोर, माकडे आणि पाने-फुले यांतील बरेचसे काम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. जे थोर दिसते ते पुष्कळदा विद्यार्थ्यांनीच घडवलेले असते, हा पहिला धडा.

तेथून पायी हुतात्मा चौकात यावे. हातात मशाल धरलेले कामगार आणि शेतकरी तेथे उभे आहेत. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला तो ज्यांच्या प्राणांच्या मोलाने, त्यांचे ते स्मारक. येथे आपल्या जिल्ह्याच्या एका सुपुत्राची आठवण ठेवावी. महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकमध्ये पहिले आले, पुढे केंब्रिजला गेले आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. आणि हीच मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचे घाटत असता, १९५६ साली त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ज्या नगरासाठी आपल्याकडच्या माणसाने एवढे पद सोडले, ते नगर परके कसे?

पुढे विद्यापीठाचा राजाबाई मनोरा लागतो. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठास प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने मोठी देणगी दिली आणि १८७८ साली पूर्ण झालेल्या या मनोऱ्यास आपल्या मातोश्रींचे नाव दिले. मुलींनी येथे अंमळ थांबावे. ज्या विद्यापीठावर एका मातेचे नाव झळकत होते, त्याची पहिली स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी १८८८ साली झाली, म्हणजे मनोरा उभा राहिल्यावर दहा वर्षांनी. आज मुलींना दार उघडे आहे, परंतु कित्येक घरांतून अजून "मुलीला एवढ्या लांब कशाला?" हा प्रश्न ऐकू येतो. त्या पालकांनी मुलीबरोबर स्वतः जाऊन हा मनोरा पाहावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

दुपार वस्तुसंग्रहालयात घालवावी. १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या नावाने उघडलेले हे मंदिर १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिरवत आहे. सर्व दालने एका दिवशी पाहू नयेत. एकच पाहावे, पण नीट पाहावे.

सायंकाळी गेटवे ऑफ इंडियापाशी यावे. १९२४ साली खुल्या झालेल्या या कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अखेरचे ब्रिटिश सैन्य मायदेशी परतले. ढग विरळ असतील तर खाडीपलीकडे आपल्या बाजूचे डोंगर दिसतात. घर किती जवळ आहे ते तेव्हा कळते. येथून दक्षिणेस कुलाबा. आपल्या जिल्ह्याचे नावही १९८१ पर्यंत कुलाबाच होते. त्या कुलाब्यातील चुंबकीय वेधशाळा, विजेच्या ट्रामगाड्यांमुळे वेध बिघडतील म्हणून, १९०४ साली आपल्या अलिबागेस आणावी लागली. मुंबईची कामे आपल्या किनाऱ्याने केली आहेत, हे विसरू नये.

रात्री झोपण्यापूर्वी, जे पाहिले ते वहीत दहा ओळींत लिहावे आणि घरी फोन करून तेच सांगावे. आईला "मी जेवलो" यापेक्षा "मी हे पाहिले" हे ऐकून अधिक धीर येतो.

आपल्यापैकी काही याहूनही दूर जातील. कोणी दक्षिण अमेरिकेतील ब्वेनोस आइरेस वा रिओ द जानेइरो येथे उतरेल. तेथेही हाच क्रम उपयोगी पडेल. स्पॅनिशांनी वसवलेल्या नगरांत मधोमध एक मोठा चौक असतो आणि त्याच्या कडेला चर्च व कचेऱ्या. तेथे तासभर बसले की नगराची ओळख होते. आणि रिओ तरी अगदीच अनोळखी का मानावे? १५६५ साली ते वसवणारे पोर्तुगीज १७४० पर्यंत आपल्या चौल-रेवदंड्यास होते. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेपासून झालेली बोली अजून ऐकू येते. 'काजू' आणि 'अननस' हे शब्द मूळचे दक्षिण अमेरिकेतील आदिवासींचे. पोर्तुगीज गलबतांतून ते आपल्या वाड्यांत आले. तेव्हा रिओच्या बाजारात उभ्या असलेल्या आपल्या मुलाला निदान दोन शब्द ओळखीचे मिळतील!

आता शेवटची सूचना मंडळास. गिरगाव, दादर, परळपासून कल्याणपर्यंत आपली शेकडो कुटुंबे आहेत. प्रत्येकाने जुलै महिन्यातील एक रविवार द्यावा आणि गावाकडून आलेल्या एका तरी विद्यार्थ्यास सोबत घेऊन हे नगर दाखवावे. यास वर्गणी नको, इमारत नको, ठराव नको. नावांची यादी मात्र आज येथेच करावी. बक्षिसाची रक्कम महिन्यात खर्चून जाते. पहिल्या दिवशी धरलेला हात जन्मभर आठवतो.

विद्यार्थिमित्रहो, तुमचा प्रवास सुखाचा होवो.