मूळव्याध म्हणून गप्प बसू नका



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो आपण प्रार्थनेच्या विनंतीतसुद्धा सांगत नाही. शौचावाटे रक्त जाणे.

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा लहानशा गाठीपासून सुरू होतो. तिला पॉलिप म्हणतात. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवीच राहतात. ज्या बिघडतात त्यांनाही साधारण १० वर्षे लागतात. दुर्बिणीच्या तपासणीत गाठ दिसली तर बहुधा तेव्हाच काढता येते. म्हणजे हा रोग होण्याआधीच अडवता येतो.

मी सातपुड्यातल्या पाड्यांवर परिचारिका म्हणून काम करते. तिथे रक्त कमी असलेले पुष्कळ लोक भेटतात. सिकलसेल, पोटातले जंत, अपुरे अन्न अशी कारणे समोरच असतात, म्हणून आतड्यातला रक्तस्राव नजरेआड होतो. एक आजोबा वर्षभर मूळव्याधीचा पाला घेत होते. वजन उतरले, पोट फुगले, तेव्हा मुलाने त्यांना आणले. रोग तोवर यकृतात गेला होता. "सुनेसमोर कसं सांगू, बाई?" एवढेच ते म्हणाले.

सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग पाहतात. आतड्याचा त्यात नाही. म्हणून आपणच विचारायला हवे. अमेरिकेत २०२१ पासून त्रास नसला तरी ४५ व्या वर्षापासून तपासणी सुचवतात. शौचातले न दिसणारे रक्त ओळखणारी साधी चाचणी असते. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा रोग झाला असेल, तर त्याआधीच डॉक्टरांना भेटा. रक्त दिसत असेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन घटत असेल, तर चाचणीवर थांबू नका. दुर्बिणीच्या तपासणीबद्दल थेट विचारा. मूळव्याध असली तरी दुसरे काही नाही ना, हे पाहावे लागते.

तंबाखू आणि दारू सोडा. ज्वारीची भाकर, डाळ, रानभाज्या हे पाड्यावरचे जेवण आतड्याला चांगले. ते मागासलेले समजून टाकू नका.

पाड्यावरून जिल्ह्याच्या रुग्णालयात जायचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते, सोबतीला माणूस लागतो. आपल्या देणगीतून एका रुग्णाचे आणि त्याच्या सोबत्याचे भाडे निघते. पण त्याआधी आज घरी गेल्यावर थोरल्यांना मोकळेपणाने विचारा. ते स्वतःहून सांगणार नाहीत.