युद्धाच्या बातमीखालचा ताजा कलम



युद्धाच्या दिवसांत सरकारला कोणाच्या आवाजाची धास्ती अधिक वाटत असेल? शत्रूच्या, की आपल्याच माणसाच्या? हा प्रश्न मनात आला की मला जे. बी. प्रीस्टली हे इंग्रज लेखक आठवतात. नाटककार आणि कादंबरीकार म्हणून ते आपल्यापैकी काहींना ठाऊक असतील. पण १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या घराघरांत लोक त्यांना ओळखत होते ते त्यांच्या आवाजामुळे.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. हिटलरच्या फौजा फ्रान्समध्ये घुसलेल्या. डंकर्कच्या किनाऱ्यावर कोंडीत सापडलेले ३ लाख ३८ हजार सैनिक २६ मे ते ४ जून या दिवसांत कसेबसे समुद्रमार्गे सोडवून आणलेले. तोफा, गाड्या, दारूगोळा सगळा मागेच राहिलेला. पुढची पाळी आपली, हे प्रत्येक इंग्रजाला कळून चुकलं होतं.

त्यात आणखी एक दुखणं होतं. विल्यम जॉइस नावाचा एक गृहस्थ जर्मनीच्या रेडिओवरून इंग्रजीत बोलायचा. लोक त्याला चेष्टेनं ‘लॉर्ड हॉ-हॉ’ म्हणत. चेष्टा करत, पण ऐकतही. रात्री नऊच्या बातम्या संपल्या की कित्येक हात रेडिओची खुंटी पिळून त्याचं स्टेशन लावत. हे श्रोते थोपवायचे कसे, म्हणून बीबीसीनं रविवारच्या बातम्यांनंतर एक छोटं भाषण सुरू केलं होतं. नाव दिलं ‘पोस्टस्क्रिप्ट’. म्हणजे आपला ताजा कलम! पत्र लिहून होतं, सही होते, आणि मग खरं मनातलं आपण खाली ‘ता. क.’ म्हणून लिहितो, तसं.

५ जून १९४० ला प्रीस्टली प्रथम या जागेवर बोलले. सेनापतींबद्दल ते फारसं बोललेच नाहीत. डंकर्कला धावून गेलेल्या लहानसहान सहलीच्या बोटींबद्दल बोलले. ‘ग्रेसी फील्ड्स’ नावाची एक बोट आइल ऑफ वाइट या बेटावर सुटीतल्या माणसांची ने-आण करायची. ती सैनिकांना आणायला गेली आणि बुडाली. ऐकणाऱ्यांपैकी कितीजण कधीकाळी तिच्यात बसले असतील! युद्ध एकदम त्यांच्या ओळखीचं झालं.

हे बोलणं साहेबी इंग्रजीतलं नव्हतं. प्रीस्टली यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डचे, आणि त्यांच्या उच्चारात ते गाव होतं. माझ्यासारख्या बार्शीच्या माणसाला याचं अप्रूप अधिक वाटतं. रेडिओवरून आपल्या बाजारपेठेतला आवाज आला, तर बातमीसुद्धा आपल्याशी बोलतेय असं वाटतं. ब्रॅडफर्डच्या एका दुकानाच्या खिडकीत एक भलामोठा पाय, म्हणजे मांसाची पेस्ट्री, मांडलेला असे आणि त्यातून सतत वाफ येत असे. गावावर बॉम्ब पडले, दुकानाची मोडतोड झाली, तरी त्या पायातून वाफ येतच होती. प्रीस्टलींनी एका रविवारी सबंध भाषण यावर केलं. कोट्यवधी लोक त्यांना ऐकू लागले. लेखक ग्रॅहम ग्रीन यांनी तर पुढे लिहिलं, की डंकर्कनंतरच्या त्या महिन्यांत चर्चिलच्या खालोखाल लोकांचा नेता कोणी असेल तर तो हा माणूस होता.

इथवर सरकारही खूश होतं. पण प्रीस्टली नुसता धीर देऊन थांबत नव्हते. ते विचारत, आपण कशाविरुद्ध लढतो ते कळलं, पण कशासाठी लढतो आहोत? लढाई संपल्यावर हा देश कोणाचा असेल? एका भाषणात त्यांनी उदाहरण दिलं. एखादा धनिक युद्ध बघून अमेरिकेला निघून जातो. त्याचं मोठं घर, बाग इथं कुलूपबंद पडून राहते. कायद्यानं ती त्याची मालमत्ता. पण शेजारी लोकांना भाजीपाला लावायला जमीन नाही, त्याचं काय? मालमत्तेच्या हिशेबानं विचार करायचा, की समाजाच्या? बॉम्ब सगळ्यांवर सारखे पडत असतील तर त्यागही सगळ्यांच्या वाट्याला सारखा यायला नको का? आणि पहिल्या महायुद्धातून परतलेल्या तरुणांची जी परवड झाली, तीच या वेळी वैमानिकांची होऊ द्यायची का?

हे विचारणारा माणूस काठावर बसून बोलत नव्हता. १९१४ साली, विसाव्या वर्षी, प्रीस्टली सैन्यात दाखल झाले होते. खंदकात असताना तोफगोळ्यानं उडवलेल्या मातीखाली गाडले गेले होते. पुढे विषारी वायूही भोगला होता. शिवाय त्या काळात प्रत्येक भाषणाचा मजकूर आधी तपासला जाई. म्हणजे त्यांनी कुठलंही लष्करी गुपित फोडलं नव्हतं. तरीही सत्ताधारी हुजूर पक्षातल्या काही खासदारांच्या तक्रारी सुरू झाल्या. हा माणूस लढाईच्या आडून राजकारण करतो, असं त्यांचं म्हणणं.

पहिली भाषणमाला २० ऑक्टोबर १९४० ला संपली. जानेवारी १९४१ मध्ये त्यांना पुन्हा बोलावलं, तेव्हा खुद्द चर्चिल यांनी माहितीमंत्री डफ कूपर यांना लिहून नाराजी कळवली. मार्चअखेर भाषणं बंद झाली. बंद कोणी केली? प्रीस्टलींनी पुढं आपल्या आठवणींत लिहिलं आहे, की त्यांना दोन पत्रं आली. मंत्रालय म्हणत होतं, हा निर्णय बीबीसीचा. बीबीसी म्हणत होती, हा हुकूम मंत्रालयाचा. सरकारी कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलेल्या कोणालाही ही गोष्ट परकी वाटणार नाही.

आता त्याच युद्धाकडे आपल्या बाजूनं बघू. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या लोकप्रतिनिधींना न विचारताच भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं होतं. लंडनहून आपल्यासाठी मराठीतही युद्धवार्ता येत. जॉर्ज ऑर्वेल १९४१ ते १९४३ या काळात बीबीसीच्या भारतीय विभागात होते; त्यांनी लिहिलेली वार्तापत्रं मराठीत उतरवली जात आणि आपल्याकडच्या वेणू चितळे त्या विभागात काम करत. पण ‘हे युद्ध आमचं आहे का?’ हा भारतीयांचा प्रश्न अधिकृत रेडिओवरून विचारण्याची सोयच नव्हती. तो विचारायला मुंबईत २७ ऑगस्ट १९४२ ला चोरून चालवलेला काँग्रेस रेडिओ सुरू झाला. जागा बदलत बदलत तो १२ नोव्हेंबरपर्यंत चालला. मग पोलिसांनी धाड घातली. बावीस वर्षांच्या उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. सरकार एकच, युद्ध एकच. प्रीस्टलींची रविवारची दहा मिनिटं गेली, उषाताईंची चार वर्षं गेली. प्रश्न विचारण्याची किंमत विचारणारा कोण आहे यावर ठरते, ती अशी.

ही गोष्ट मी पुस्तकं वाचण्याच्या आधी घरात शिकलो. माझे अब्बा शिंपीकाम करायचे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांबद्दल बोलताना ते सांगत, त्या दिवसांत दुकानातला रेडिओ मी मुद्दाम मोठ्यानं लावायचो. आपण आकाशवाणीच ऐकतो आहोत, हे रस्त्यानं जाणाऱ्यालाही कळावं म्हणून. धान्याच्या टंचाईबद्दल, जखमी होऊन आलेल्या जवानांच्या घरच्यांबद्दल शेजारचे काका पारावर बसून सरकारला खडे बोल सुनावत. काका जे बोलत ते अब्बांनाही पटत असे. पण अब्बा मान खाली घालून मशीन चालवत राहत. काकांचा तो राग असे. अब्बांनी तेच शब्द उच्चारले असते तर लोकांनी त्यात दुसराच अर्थ शोधला असता. काकांनाही हे कळत होतं. ते म्हणत, “मास्तर, तुमच्या वाटचंही मीच बोललो बघा!” या वाक्यात माया होती, यात शंका नाही. पण आपल्या वाटचं आपल्याला बोलता यावं, ही इच्छा माणसाच्या मनातून जात नाही.

म्हणून मला प्रीस्टली महत्त्वाचे वाटतात. सैन्यात रक्त सांडलेल्या, सगळ्यांचा धीर बांधणाऱ्या माणसावरही संशय घेतला जातो, तर मग निष्ठेचं प्रमाणपत्र कोणाजवळ पुरेसं असणार? जॉइसचे टोमणे सरकारला परवडत होते, कारण तो शत्रू आहे हे सर्वांना माहीत होतं. प्रीस्टलींना तसं मोडीत काढता येत नव्हतं.

जुलै १९४५ मध्ये निवडणुकीचा निकाल लागला. युद्ध जिंकून देणारे चर्चिल हरले आणि मजूर पक्ष ३९३ जागा घेऊन सत्तेवर आला. ५ जुलै १९४८ ला तिथं सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली. हे सगळं एका माणसाच्या भाषणांनी घडलं, असं मी म्हणणार नाही. पण बंद केलेल्या त्या दहा मिनिटांत जे विचारलं गेलं होतं, त्याचं उत्तर लोकांनी मतपेटीतून दिलं, एवढं म्हणायला हरकत नाही.

उद्या कुठल्याही देशात युद्धाच्या बातम्या सुरू होतील, तेव्हा त्या ऐकाच. पण बातम्या संपल्यावर लगेच रेडिओ बंद करू नका. खाली कोणी ताजा कलम लिहितं आहे का, तेही ऐका.