काय ठेवायचं, काय कापायचं

(कोरेगाव भीमा येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकजण फोनवर म्हणाले, "सर, आमची पोरं यूट्यूब बघून सगळं शिकतात. सिनेमा शिकायला वर्ग कशाला लागतो?" प्रश्न रास्त आहे. मी गेली बरीच वर्षं चित्रपटांचं आणि व्हिडिओंचं संकलन करतो, म्हणजे एडिटिंग, आणि आठवड्यातून काही तास शिकवतोही. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर देणं माझ्या पोटापाण्याशीच निगडित आहे म्हणा ना!

आधी तुमच्या दारातल्या पुणे-नगर रस्त्याबद्दल बोलतो, कारण त्याच्या दोन्ही टोकांना सिनेमाचे वर्ग आहेत. नगरचं आता अहिल्यानगर झालं, पण रस्त्याला सगळे नगर रोडच म्हणतात. या रस्त्याच्या पुण्याच्या टोकाला, लॉ कॉलेज रोडवर, फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली, तिथंच १९३६ चा 'संत तुकाराम' तयार झाला, आणि कंपनी बंद पडल्यावर त्याच आवारात १९६० मध्ये ही संस्था उभी राहिली. दिग्दर्शक उमेश कुलकर्णी तिथलेच विद्यार्थी. त्यांची पदविकेसाठी केलेली 'गिरणी' ही फिल्म मिळाली तर जरूर बघा. घरात पिठाची गिरणी येते आणि एका शाळकरी पोराचं खेळणं-बागडणं तिच्या घरघरीत बुडून जातं, एवढीच गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता दुसरं टोक. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा एक तरुण, नागराज मंजुळे, नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजमध्ये संज्ञापन शिकायला गेला. तिथल्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्याने 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेत जावंसं वाटणाऱ्या, पण परिस्थितीने चोरीच्या वाटेला लावलेल्या पोराची ती गोष्ट. २०१० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिला दिग्दर्शकाच्या पहिल्या लघुपटासाठीचा पुरस्कार मिळाला. पुढे 'फँड्री' आणि 'सैराट' आले, ते तुम्हाला मी सांगायला नको. पिस्तुल्याचं काम करणारा सूरज पवार 'सैराट'मध्ये आर्चीचा भाऊ प्रिन्स होऊन आला. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं, की ही वाट मुंबईच्या स्टुडिओतून निघालेली नाही. ती एका कॉलेजच्या वर्गात दिलेल्या गृहपाठातून निघाली, आणि ते कॉलेज तुमच्याच रस्त्यावर आहे.

पण वर्गात असं घडतं तरी काय? मी शिकलो तेव्हा फिल्मचे दिवस सरत आले होते. तरी आमच्या सरांनी आम्हाला स्टीनबेकच्या टेबलावर खरी फिल्म कापायला लावलीच. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम असतात आणि सेकंदाला २४ फ्रेम पुढे सरकतात. म्हणजे हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. कापायचं तिथं ग्रीस पेन्सिलने खूण करायची, कात्रीसारखं यंत्र चालवायचं, टेप लावून जोडायचं आणि उरलेला तुकडा खुंटीला टांगून ठेवायचा. चुकलं तर तोच तुकडा शोधून पुन्हा जोडा. त्यामुळे हात चालायच्या आधी डोकं चालायचं. आता कंट्रोल-झेड दाबलं की सगळं जागेवर. सोय मोठी झाली, यात वाद नाही. दाविंची रिझॉल्व्हसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, किनेमास्टर फोनवर चालतं. पण "हा कट इथंच का?" असं विचारलं की माझे निम्मे विद्यार्थी म्हणतात, "बरं वाटलं म्हणून." आमच्या सरांपुढे हे उत्तर चाललं नसतं. माझ्यापुढेही चालत नाही.

एक साधा धडा सांगतो, तुम्ही उद्या करून बघू शकाल. फोन घेऊन हायवेच्या या बाजूला उभे राहा आणि नगरकडे जाणाऱ्या एसटीचं चित्रण करा. समजा, ती पडद्यावर डावीकडून उजवीकडे गेली. आता रस्ता ओलांडून पलीकडच्या हॉटेलापाशी जा आणि तिकडूनही नगरकडेच जाणाऱ्या एसटीचं चित्रण करा. ती उजवीकडून डावीकडे जाईल. दोन्ही शॉट जोडून घरच्यांना दाखवा. पहिल्या शॉटमध्ये नगरला निघालेली एसटी दुसऱ्या शॉटमध्ये पुण्याला परत येताना दिसेल! दोन्ही बस नगरच्याच, रस्ता तोच, ड्रायव्हरने वळणसुद्धा घेतलेलं नाही. आमच्या भाषेत याला रेषा ओलांडणं म्हणतात. दोन माणसं बोलत असली तरी हाच नियम. कॅमेरा रेषेच्या पलीकडे गेला, की समोरासमोर बसलेली माणसं एकाच दिशेला तोंड करून बसल्यासारखी दिसतात. हे यूट्यूबवर सापडतं, मान्य. पण आपल्याच शॉटमध्ये ते घडलंय हे दुसऱ्याने दाखवल्याशिवाय सहसा दिसत नाही.

वर्ग लागतो तो इथं. तुमचं काम दहा जणांसमोर लावतात आणि ते संपेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही. "इथं खरं तर असं होतं", "त्या दिवशी ऊन नव्हतं", हे काही चालत नाही. जे पडद्यावर आहे तेवढंच आहे.

दौंड भागातली एक विद्यार्थिनी गुऱ्हाळावर लघुपट करत होती. तिच्या चुलत्याचंच गुऱ्हाळ. तिने भरपूर चित्रण केलं होतं: चरकात जाणारा ऊस, चुलवणात चिपाडं सारणारा माणूस, काहिलीवर आलेली मळी झाऱ्याने काढणं, आणि मित्राच्या ड्रोनवरून घेतलेला सूर्यास्त. सूर्यास्तावर तिचा भलताच जीव होता. पाच मिनिटांचं काम वर्गात लावलं. सगळे गप्प बसले. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "गूळ तयार झाला हे ठरवतं कोण?" ती म्हणाली, "गुळव्या ठरवतो." "मग तो कुठाय?"

तो सगळ्या चित्रणात होता आणि जोडलेल्या पाच मिनिटांत नव्हता. आम्ही तिच्या फाइली पुन्हा उघडल्या. एका ठिकाणी गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, चिमटीत त्याची गोळी वळून बघतो आणि मान हलवतो, की काहील उतरवायला माणसं धावतात. हे सगळं मिळून काही सेकंदांचं. तिने ते "हललंय" म्हणून बाजूला टाकलं होतं. खरंच हललं होतं. पण लघुपट त्या चिमटीतच होता. तिने सूर्यास्त काढला, सगळी रचना त्या गोळीभोवती बांधली आणि पाचाची तीन मिनिटं केली. ड्रोनवाला मित्र तिच्यावर नाराज झाला, तो भाग वेगळा. संकलन शिकायला लागलं की असे रुसवे पुष्कळ सोसावे लागतात.

आपल्याकडे हे शिकणं कसं सुरू झालं? दादासाहेब फाळके १९१२ मध्ये स्वतः विद्यार्थी होऊन लंडनला गेले. तिथं सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिलं, विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन आले. पण पैसे घालायला कोण तयार होणार? म्हणून त्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला आणि वेलीच्या वाढीचं एकेक फ्रेम चित्रण केलं. पडद्यावर अंकुर फुटून वेल सरसर वाढताना दिसली तेव्हा भांडवल उभं राहायला लागलं. त्यातून १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायला, ती धुवायला घरातच शिकल्या, तेव्हा मराठी सिनेमाचा पहिला वर्ग स्वयंपाकघराशेजारी भरला असं म्हणायला हरकत नाही. आपण शेतकरी माणसं, फाळक्यांचा धडा आपल्याला सहज जमेल. फोन स्टँडवर पक्का बांधा आणि पंधरा मिनिटांना एक फोटो घ्या. दिवसाचे ९६ फोटो होतात, म्हणजे पडद्यावर चार सेकंद. हरभऱ्याचा कोंब पाच दिवसांत वीस सेकंदांचा नट होतो.

साधनं नसतानाही वर्ग चालतो, याचं मोठं उदाहरण रशियातलं आहे. पहिल्या महायुद्धानंतर मॉस्कोत कोरी फिल्म मिळत नव्हती. दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी विद्यार्थ्यांना जुन्या चित्रपटांचे तुकडे पुन्हा जोडायला बसवलं. त्यांनी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याशेजारी ठेवला, एकदा शवपेटीशेजारी, एकदा एका बाईशेजारी. बघणाऱ्यांना तो भुकेला, दुःखी आणि आसक्त वाटला म्हणतात. चेहरा बदललाच नव्हता. शेजार बदलला होता.

आवाजाबद्दल थोडंच बोलतो, कारण 'सैराट'चा शेवट इथं प्रत्येकाने पाहिलाय. अजय-अतुलच्या संगीताने अख्खं थिएटर नाचवणारा तो चित्रपट शेवटच्या प्रसंगात आवाजच काढून घेतो. कुतुब इनामदार यांचं संकलन आणि मंजुळ्यांचं दिग्दर्शन यांची ताकद मला गाण्यांपेक्षा त्या शांततेत जास्त जाणवते. वर्गात आम्ही मुलांना आधी शांतता रेकॉर्ड करायला सांगतो, मोकळ्या खोलीचा अर्ध्या मिनिटाचा आवाज. इथली मुलं वैतागतात. कंटेनरची रांग दिवसरात्र चालू, शांतता आणायची कुठून? मी म्हणतो, मग तेच रेकॉर्ड करा, तुमच्या गावाची शांतता तशीच आहे.

पोट भरेल का, असं आईबाप विचारणारच. स्पष्ट सांगतो, मोजके जण चित्रपटात जातील. बाकीच्यांना लग्नाची शूटिंगं, सणसवाडी-रांजणगावच्या कंपन्यांचे सुरक्षेचे व्हिडिओ, पुढाऱ्यांची रील्स, न्यूज चॅनल अशी कामं मिळतात. कामं आहेत. मात्र रात्रीचा दिवस करावा लागतो, पाठ आणि डोळे लवकर बोलायला लागतात, आणि पैसे वेळेवर देणारं गिऱ्हाईक दुर्मीळ. मुली या क्षेत्रात कमी येतात म्हणणाऱ्यांना रेणू सलुजांचं नाव सांगा. पुण्याच्याच संस्थेतून त्या १९७६ मध्ये संकलन शिकून बाहेर पडल्या आणि 'जाने भी दो यारों', 'अर्धसत्य', 'परिंदा' त्यांच्या हातून गेले. २००० मध्ये त्या वारल्या. त्यांचे कट आम्ही आजही वर्गात थांबवून थांबवून बघतो.

शेवटचा मुद्दा जरा अवघड आहे, आणि तो याच गावात बोलायला हवा. दर १ जानेवारीला नदीपलीकडे विजयस्तंभापाशी लाखो माणसं येतात. २०१८ च्या १ जानेवारीला या परिसरात जो हिंसाचार झाला तो तुम्ही सोसलाय, त्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा आयोग त्याची चौकशी करायला नेमला गेला, आणि त्यावर मत देणं माझं काम नाही. मी फक्त संकलक म्हणून बोलतो. दोन माणसांच्या तीन मिनिटांच्या भांडणातली शेवटची आठ सेकंदं मला द्या, मी त्यातल्या कुणालाही पहिला हात उचलणारा ठरवून दाखवतो. खोटी एकही फ्रेम घालावी लागणार नाही. फक्त सुरुवात कुठून करायची ते मी ठरवणार. एसटीची दिशा फिरवायला रस्ता ओलांडणं पुरलं होतं, इथं तर तेवढंही लागत नाही. म्हणून आमच्या वर्गात एक नियम आहे: जोडलेली फिल्म दाखवताना मूळ फाइल जवळ ठेवायची, आणि कुणी मागितली तर अख्खी दाखवायची. ज्याला ती दाखवायची लाज वाटते, त्याचं संकलन मी तपासायला घेत नाही.

मूळ फाइल जपायची तर एक लक्षात ठेवा: व्हॉट्सअॅपवर पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो आणि तो कधी, कुठं घेतला ही नोंद त्यातून गळून पडते. महत्त्वाचं चित्रण असेल तर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि मूळ फाइल फोनमधून काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. नावात तारीख, गाव आणि चित्रण करणाऱ्याचं नाव लिहा.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांना आणि शाळेच्या शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे, की आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेची एक खोली आणि प्रोजेक्टर द्या. नवा कॅमेरा घेऊ नका, पोरांच्या खिशात तो आहेच. पहिल्या वर्षी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा, गुळव्यांना, हमालांना, कंपनीत रात्रपाळी करणाऱ्या बायकांना. काम एकमेकांना दाखवा, ऐकून घ्या, कापा. शिकवायला कुणी मिळालं नाही तर मला कळवा, मी येईन. मूळ फाइली मात्र ग्रंथालयात ठेवा, सगळ्यांना बघता येतील अशा.